ट्रेनिंगमध्ये ‘रेड’ निघालो, पण भट्टीवाल्या मामांशी बोलायचं कसं ते कुणी सांगितलं नाही

शिरोली_प्लॅनिंग यांचा प्रश्न

मंडळी, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून पार्ट ओतायच्या कारखान्यात) पीपीसीला, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. म्हणजे सकाळी प्लॅन काढायचा, दिवसभर मोल्डिंग (साचे), मेल्टिंग (भट्टी), फेटलिंगच्या (ओतलेला माल साफ करणाऱ्यांच्या) मागं फिरायचं आणि संध्याकाळी पुण्याची गाडी भरली नाही की सगळ्यांच्या शिव्या खायच्या.

मध्यंतरी कंपनीनं एका हॉटेलात स्टाफसाठी ट्रेनिंग ठेवलं. विषय ‘व्यक्तिमत्त्वाच्या शैली आणि संवाद’. डिस्क नावाची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला एक अक्षर, एक रंग दिला. डी म्हणजे रेड: धडाक्याचा, निकाल मागणारा. आय म्हणजे यलो: बोलका, माणसं जमवणारा. एस म्हणजे ग्रीन: शांत, सांभाळून घेणारा. सी म्हणजे ब्लू: काटेकोर, आकड्यांचा. मी रेड निघालो. जेवण चांगलं होतं, ते कबूल.

तेव्हापासून ऑफिसात नवीनच खूळ सुरू झालंय. मी जरा आवाज चढवला की अकाउंटवाला म्हणतो, “जाऊ दे, रेड हाईत ते.” क्वालिटीच्या मॅडम ब्लू, म्हणून त्यांच्याशी कुणी तोंडी बोलतच नाही, सगळं मेलवर. आणि मेल्टिंगचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते ट्रेनिंगला आलेच नव्हते. भट्टी कोण बघणार? तरी आमच्या वर्णनावरून ट्रेनरनी त्यांना न बघताच रेड ठरवून टाकलं. रेड माणसाशी थोडक्यात, थेट मुद्द्यावर बोला म्हणाले.

तसंच बोललो. आमच्याकडं दोन जातींचं लोखंड ओततात: एफजी म्हणजे साधं बीड, एसजी म्हणजे मॅग्नेशियम घातलेलं, जास्त चिवट. भट्टीवर गेलो, म्हटलं, “मामा, दुपारनं एसजी घ्यायचंय, एफजी बंद.” मामांनी हातातला रॉड खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि जे काही बोलले ते इथं लिहिता येत नाही. मग पाठ फिरवून गेले. यापेक्षा थोडक्यात कसं बोलायचं असतं?

घराबाहेरही तेच. गंगावेशीत दूध प्यायला जमणारा आमचा शाळेपासूनचा ग्रुप. त्यातला एकजण हल्ली गप्पच झालाय. ट्रेनिंगच्या हिशेबानं तो ग्रीन. पण ग्रीन आहे हे कळून मी करू काय? या रंगांचा कामात आणि दोस्तीत खरंच कुणाला उपयोग झालाय का?

रंकाळ्याचा_वारा

भावा, कोल्हापुरात तांबडा पिऊन माणूस रेडच होणार. पांढरा पिणाऱ्याला कुठला रंग देतात ते विचारलं का ट्रेनरला?

उद्यमनगर_जुना

वाऱ्याचं सोड. मी उद्यमनगरात आणि नंतर गोकुळ शिरगावात उभी हयात फाउंड्रीत काढली, शेवटी प्लॅनिंगलाच होतो. मामा आपल्या बाजूला आहेत की नाहीत यावर रोजची गाडी भरायची की नाही ते ठरतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी टेस्टचं मूळ बघू. मार्स्टन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, रक्तदाब मोजून खोटं पकडायच्या चाचणीवर काम केलेला. त्यानं 1928 साली हे चार भाग मांडले. त्याचा प्रश्न असा होता: समोरची परिस्थिती माणसाला आपल्या बाजूची वाटते की विरोधातली? आणि तिच्यापुढं तो स्वतःला वरचढ समजतो की दुबळा? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून चार खाने पडले. प्रश्नपत्रिका, गुण, रिपोर्ट हे सगळं नंतरच्या लोकांनी काढलं. म्हणजे मुळात विचार होता ‘अशा परिस्थितीत माणूस असं वागतो’ हा. बाजारात येईपर्यंत परिस्थिती गळून पडली आणि ‘हा माणूस असा आहे’ एवढंच उरलं. तुझ्या ऑफिसात आज नेमकं तेच चाललंय.

आता मामा. तू दुपारनं एसजी म्हणालास तेव्हा भट्टीत काय होतं? एफजीची हीट, म्हणजे एका वेळची वितळवणी, चालू होती असं धरतो. चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा कच्चा माल, पडलेला, धातू वितळत आलेला. एसजीला मुळात गंधक कमी असलेला धातू लागतो, म्हणजे भंगार, पिग (कच्च्या लोखंडाचे ठोकळे), कार्बन सगळ्याचा हिशेब वेगळा. भट्टीत आहे त्याचं एसजी होत नाही. मग हे एवढं टनभर पाणी, म्हणजे वितळलेला धातू, ओतायचं कुठं? एफजीचे साचे तू बंद करून बसलास. पिगिंग, म्हणजे धातूचे नुसते ठोकळे ओतून ठेवायचं म्हटलं तर वीज गेली, माणसांची मेहनत गेली, आणि महिनाअखेरीला विजेच्या युनिटचा आकडा वाढला की जाब मामांनाच. तुझं वाक्य थोडक्यात होतं, बरोबर. पण मामांना ज्या एका गोष्टीची काळजी होती, तीच त्यात नव्हती.

आणि एसजी चालू असताना तर कुणीच भट्टीवर गप्पा मारायला जाऊ नये. मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाली की घड्याळ सुरू होतं. वेळेत ओतलं नाही तर मॅग्नेशियम उडून जातं, ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि अख्खी लाडल, म्हणजे ओतायचं भांडंभर धातू, रिजेक्शनला. त्या वेळी संत माणूस उभा केलास तरी तो दोन शब्दांत बोलेल आणि पाठ फिरवेल. त्याला रेड म्हणून काय मिळणार?

मी होतो तिथं असं बोलायचो: “मामा, चालू हीट एफजीचीच काढू, साचे उभे आहेत. पुढच्या चार्जपासनं एसजी लागेल. किती लाडल बसतील संध्याकाळपर्यंत?” यात तीन गोष्टी आहेत. भट्टीत आहे त्याची वाट लावणार नाही हे पहिल्या वाक्यात कळतं. बदल कधीपासून ते चार्जच्या भाषेत कळतं, घड्याळाच्या नाही. आणि शेवटचा आकडा त्यांच्या तोंडून येतो. ज्याचा आकडा त्याची जबाबदारी, मग मागं लागायची गरज पडत नाही. आणि हे सांगायचं चार्ज पडायच्या आधी, नंतर नाही.

म्हणून मी म्हणतो, आधी खुर्ची वजा करावी, मग स्वभाव बघावा. एकाच जागी काम करणारी दोन माणसं शेजारी ठेवून बघ. आमच्याकडं दिवसपाळीचा आणि रातपाळीचा असे दोन मेल्टिंग सुपरवायझर होते. भट्टी तीच, ताण तोच, शिव्या त्याच. दिवसपाळीवाल्याला कागद लागायचा. तोंडी सांगितलेलं तो ऐकायचा, मान हलवायचा आणि विसरायचा. चिठ्ठी दिली की ती खिशात घालून शब्द न शब्द पाळायचा. रातपाळीवाल्याला चिठ्ठी दिली तर राग. “मला काय ऑर्डर काढतोस व्हय?” त्याच्याजवळ पाच मिनिटं बसायचं, पोराच्या ॲडमिशनचं विचारायचं, चहा घ्यायचा आणि उठता उठता प्लॅन सांगायचा. जमायचंच. त्या दोघांतला हा जो फरक आहे ना, तो खरा स्वभावाचा. तिथं तुझ्या रंगांचा उपयोग होतो, सुरुवात करायला. पहिल्याला ब्लू म्हण, दुसऱ्याला यलो म्हण. माझं काम रंगाशिवायही चाललं होतं, पण नवीन पोराला समजावून सांगायला चार खाने बरे पडतात हे मान्य.

बाकीच्यांचं थोडक्यात. मालकांना आधी गाडी जाणार की नाही ते सांग, कारण मात्र ते विचारतील तेव्हाच. पुण्याच्या कस्टमरच्या माणसाला ‘बघतो’ म्हणू नकोस, तारीख दे, आणि ती चुकणार असेल तर तूच आधी फोन कर. मोल्डिंगच्या पोरांना सगळ्यांसमोर बोलू नकोस. हे कुठल्याही रंगाला लागू आहे.

तुझ्या रेडचं राहिलं. ‘मी रेड आहे, मी असाच बोलणार’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नकोस. ते रजेच्या अर्जासारखं वापरणारे लोक मी पाहिलेत, एकदा मंजूर झालं की रोज टाकतात.

मानसशास्त्र_शिकवतो

उद्यमनगरकरांचं बहुतेक पटलं. टेस्टच्या बाजूनं थोडी भर घालतो, कॉलेजात हेच शिकवतो म्हणून.

1948 साली फोरर नावाच्या प्राध्यापकानं आपल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुमचा’ असा अहवाल दिला. किती जुळतो ते 0 ते 5 मध्ये सांगा म्हणाला. सरासरी आली 4.26. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तोही बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. ‘तुम्ही बाहेरून शिस्तीचे दिसता पण आतून कधी कधी काळजी करता’ या थाटाचं. असं कुणाला लागू होत नाही?

तुमच्याकडं रिपोर्ट शिल्लक असतील तर एक गंमत करा. नावं आणि रंग झाकून चार वेगवेगळ्या रंगांचे रिपोर्ट चौघांत फिरवा आणि आपला कुठला ते प्रत्येकाला ओळखायला सांगा. ओळखता आला तर टेस्टमध्ये थोडा दम आहे. चारही आपलेच वाटले तर जेवणाचे पैसे वसूल झाले असं समजा.

दुसरं म्हणजे खान्यांचा प्रश्न. युंगनं 1921 साली अंतर्मुख-बहिर्मुख वगैरे प्रकार मांडले. त्यावरून अमेरिकेतल्या एका आई-मुलीच्या जोडीनं 16 प्रकारांची एमबीटीआय ही चाचणी उभी केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. तिची अडचण अशी की मधोमध रेघ मारली की रेघेच्या जरा इकडचा अंतर्मुख आणि जरा तिकडचा बहिर्मुख ठरतो. प्रत्यक्षात बहुतेक माणसं मधेच असतात, म्हणून पुन्हा टेस्ट दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. संशोधनात आज जास्त वापरतात ते ‘बिग फाइव्ह’. त्यात खाने नसून पाच पट्ट्या असतात: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं, भावनिक अस्थिरता. प्रत्येक पट्टीवर आपण कुठंतरी असतो. स्टिकर लावायला ते गैरसोयीचं आहे, म्हणून हॉटेलातल्या ट्रेनिंगमध्ये कमी दिसतं.

क्वालिटीवाली_कागल

मी तुमच्या मॅडम नव्हे, पण कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याच खुर्चीवर बसते. आमच्याकडंही हे ट्रेनिंग झालं आणि मीही ब्लू.

आम्ही मेल का मागतो ते ऐका. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीला आयएटीएफ 16949, म्हणजे वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक, सांभाळावं लागतं. कस्टमरकडून ब्लो होलची (ओतलेल्या पार्टमधल्या हवेच्या भोकाची) तक्रार आली की 8डी, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा रिपोर्ट, भरायचा. तो लॉट कुणी सोडला, कशाच्या आधारावर सोडला, डेव्हिएशनला (ठरल्यापेक्षा वेगळा माल चालवून घ्यायला) मंजुरी कुणाची, सगळं लेखी दाखवायचं. “पीपीसीचे साहेब जिन्यात म्हणाले होते, सोडा, चालतंय” हे ऑडिटरला सांगू का? उद्यमनगरचे काका म्हणतात तशी माझी खुर्ची वजा करा, मग बघा. मैत्रिणींच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त व्हॉइस नोट माझ्या असतात. ज्योतिबाला जायचं ठरलं की गाडी, डबे, कोण कुठं चढणार हे मी फोनवर बडबडत ठरवते, एक ओळ लिहून ठेवत नाही.

ब्लू ठरल्यापासून मला त्रास काय झाला ते सांगते. लोकांनी बोलणंच बंद केलं. आधी मोल्डिंगचा सुपरवायझर केबिनमध्ये डोकावून सांगायचा, “मॅडम, आज साच्याची सँड जरा ओली वाटतीय, दुपारच्या लॉटवर नजर ठेवा.” सोन्यासारखी माहिती! आता तो मेल करतो. म्हणजे करतच नाही, कारण त्याला मेल लिहायचा कंटाळा आहे आणि ‘वाटतीय’ हे मेलवर लिहिता येत नाही. मग संध्याकाळी रिजेक्शन दिसलं की मला कळतं सँडमध्ये ओलावा होता. चहालाही हाक मारत नाहीत, ब्लूला एकटं बसायला आवडतं म्हणे.

तर तुमच्या मॅडमकडं आधी जा. उभ्या उभ्या दोन मिनिटं बोला, काय अडलंय ते सांगा. मग जागेवर येऊन एका ओळीचा मेल टाका, ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे’ म्हणून. तोंडी बोलणं तुमच्यासाठी, मेल ऑडिटसाठी. आणि लॉट नंबर लिहा हो त्यात. ‘ते कालचं हाऊसिंग’ असं लिहून आम्हाला काही कळत नाही.

शिरोली_प्लॅनिंग

चार्जच्या आधी सांगायचं हे उद्यापासनं. रिपोर्ट फिरवायची आयडिया तर भारी आहे, अकाउंटवाल्यापासनंच सुरुवात करतो. मॅडम, तुमच्यासाठी लॉट नंबर नक्की.

मित्राचं कुणी बोललं नाही. तो भांडलेला वगैरे नाही. आम्ही पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड ट्रेक ठरवत होतो. ग्रुपवर तारखेवरनं धुमाकूळ, आणि हा फक्त “तुम्ही ठरवा, मी आहे.” ठरलं. आदल्या रात्री मेसेज आला, “जमणार नाही.” त्यानंतर दुधालाही येईना. ट्रेनर म्हणाले होते ग्रीन माणसाला घाई करू नका, आपुलकीनं विचारा. आपुलकीनं विचारलं की “काय नाही रे” म्हणतो.

रंकाळ्याचा_वारा

आता मस्करी नाही. मी आमच्या ग्रुपवरचा ‘तुम्ही ठरवा’ आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

पहिलं म्हणजे ग्रुपवर मला बोलता येत नाही. समोर चार जणांत बसलो की मी फुटबॉलवर तासभर बोलतो, पेठेचा सामना असला तर आवाज बसेपर्यंत. पण ग्रुपवर मी एक वाक्य टाईप करेपर्यंत वर वीस मेसेज जातात, तीन जण ‘डन’ म्हणून मोकळे होतात. मग आपण खोडा कशाला घाला? लिहायचं ‘तुम्ही ठरवा’.

दुसरं जरा नाजूक आहे. माझं महाद्वार रोडला दुकान आहे. शनिवार-रविवारी अंबाबाईला बाहेरगावची गर्दी येते, आठवड्याचा धंदा त्या दोन दिवसांत होतो. ग्रुपमधले बाकीचे नोकरीवाले. त्यांना रविवार मोकळा, मला रविवार म्हणजे गल्ला. हे मी दोनदा सांगितलं असेल, कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तिसऱ्यांदा सांगायला लाज वाटते. पैशासाठी दोस्तांना टांग देतो असं दिसतं. मग आदल्या रात्री ‘जमणार नाही’. आणि एकदा टांग दिली की पुढच्या भेटीला जायला पाय उचलत नाही, कारण पहिला टोमणा कोण मारणार हेही माहीत असतं.

माझ्या बाबतीत एका मित्रानं बरोबर केलं. त्यानं काही विचारलंच नाही. गुरुवारी दुपारी, धंदा थंड असतो त्या वेळेला, दुकानात येऊन स्टुलावर बसला. इकडचं तिकडचं बोलला. जाताना म्हणाला, “पुढचं मंगळवारी ठरवतोय, तुला मंगळवार कसा आहे?” कसा आहे म्हणाला, येशील का नाही म्हणाला. मी लगेच हो म्हटलं.

तुझा मित्र काय करतो, नोकरी का धंदा?

शिरोली_प्लॅनिंग

राजारामपुरीत मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. घराखालीच आहे. रविवारी उघडं असतं, हे आत्ता लिहिताना डोक्यात आलं. सोमवारी माझी सुट्टी असते, जातो दुकानात. स्क्रीनगार्ड बदलायचंच आहे तसंही.

रंकाळ्याचा_वारा

पैसे देऊ नकोस म्हणाला तरी दे. आणि ग्रीन-बीन काही काढू नकोस तिथं.

शिरोली_प्लॅनिंग

उद्यमनगर काका, एक शेवटचं. आमच्याकडं रातपाळीचा सुपरवायझर नवीन आहे, चिठ्ठीवाला का चहावाला ते अजून कळलेलं नाही. पाळी बदलताना प्लॅन त्याच्यापर्यंत नीट जायला काय करू? रोज रात्री थांबणं शक्य नाही.

उद्यमनगर_जुना

दोन्ही कर आणि बघ कशाला लागतोय ते. पाळी बदलायच्या आधी भट्टीशेजारच्या फळ्यावर लिही: चालू हीट कुठली, पुढचे चार्ज कुठले, कुठल्या साच्यांना घाई, आणि मामा जाताना काय सांगून गेले. वहीत लिहू नकोस, तिथं वही आठवड्यात काळी होते आणि महिन्यात गायब. मग पाळी सुरू झाल्यावर त्याला फोन कर, “फळा बघितला का?” एवढंच. तो “बघितला” म्हणून फोन ठेवला तर चिठ्ठीवाला. “बघितला, पण साहेब, ते दुसऱ्या चार्जचं...” असं सुरू झाला तर बोलू दे, मधे तोडू नकोस, आणि पुढच्या आठवड्यात एकदा रात्री चहाला जा.